शेफील्डची पटाशी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाच्या बॅगेभोवती घरची मंडळी कशी जमतात, हे मी सांगायला नको. प्रवास कसा झाला, थंडी किती होती, हे प्रश्न तोंडाने विचारायचे असतात. डोळे मात्र कुलपावर असतात. २०२३ च्या ऑगस्टात आम्ही उभयता इंग्लंडातल्या मुलाकडे दोन महिने राहून परत आलो, तेव्हाही मंडळी अशीच जमली. बॅग उघडली. वरचा थर चॉकलेटांचा होता. तो पाच मिनिटांत संपला. त्याखाली जाड लोकरी मोज्यांची चार गाठोडी निघाली. त्यातले एक माझ्या नातीने मोठ्या आशेने सोडले, आणि तिच्या हातात वीतभर लांबीचा एक गंजका लोखंडी तुकडा आला.

"आजोबा, हे कशाचं तुटून पडलं?" तिने विचारले.

"पडलं नाही. विकत घेतलं."

"आणि हे एकच नाही," आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अशी चार आहेत. याच्यासाठी माझ्या दोन साड्या तिकडे ठेवून आले मी. विमानाला तेवीस किलोच चालतात."

आता खुलासा करणे भाग आहे. मी सुतार नाही. सबंध नोकरी मी कारकुनीत काढली आणि आयुष्यात जास्तीत जास्त टोकदार हत्यार हाताळले ते म्हणजे टाक. हौस मात्र सुतारकामाची. ती हौस किती यशस्वी झाली, याचा पुरावा म्हणून माझ्या हातचे एक स्टूल घरात आहे. ते तीन पायांवर उभे राहते आणि चौथ्यावर विचार करते. तेव्हा शेफील्डला जाऊन पटाश्या विकत आणण्याचे मला खरे म्हणजे काहीच कारण नव्हते. एक होते, ते बासष्ट वर्षांचे जुने होते.

१९६१ सालची गोष्ट. कुडाळजवळचे आमचे गाव त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्गात आहे. गाव जागचे हलले नाही, जिल्हाच हलला. वडील शाळामास्तर. त्या वर्षी नवरात्रात घट बसवताना देवघरातला जुना देव्हारा वाळवीने आतून खाल्लेला निघाला आणि दिवाळीच्या आत फणसाच्या लाकडाचा नवा करून घ्यायचे ठरले. मेस्त्री आले. पडवीत गोणपाट पसरून त्यांनी त्यावर हत्यारे मांडली: करवत, रंधा, वाकस, गिरमिट, गुण्या आणि पटाश्या. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगाही येई. तो माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. पण बापाला काम लागले की त्याची शाळा बुडे. वडील शाळेत हजेरी घेताना त्याच्या नावापुढे गैरहजरीची खूण करीत आणि घरी येऊन पाहावे तो स्वारी आमच्याच पडवीत करवतीचे दुसरे टोक धरून बसलेली. दोघेही एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखे करीत.

मेस्त्री काम करताना पाहणे हा माझा त्या महिन्याचा उद्योग होता. त्यांना टेबल लागत नसे, पकड लागत नसे. ते जमिनीवर बसत, फळी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबत आणि वाकसाच्या पाठीने पटाशीवर टोला घालीत. पटाशीची धार आणि पायाचा अंगठा यांच्यात दोन बोटांचे अंतर असे. मला भीती वाटे. त्यांना वाटत नसे. तीन पटाश्या ते कशाही टाकीत. चौथी मात्र धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली असे. ती त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणली होती. वडील परळच्या रेल्वेच्या कारखान्यात काही वर्षे सुतार होते. त्या पटाशीच्या पात्यावर, मुठीच्या खाली, तीन पानांचे एक बारीक चिन्ह उठवलेले होते. मेस्त्री तिला बेलाची पटाशी म्हणत. देवाचे काम असले तरच ती फडक्यातून बाहेर पडे, आणि पडण्यापूर्वी कपाळाला लागे. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांना झेंडूचे फूल मिळे. हिला फुलाबरोबर एक खरे बेलाचे पानही मिळे.

वडिलांनी घरी मला नुकतीच इंग्रजी अक्षरे शिकवली होती. मेस्त्रींनी एक दिवस ती पटाशी माझ्यापुढे धरली. "काय लिवला हा ता वाच रे बाबू."

मी एकेक अक्षर लावून वाचले. शेवटचा शब्द 'शेफील्ड' निघाला. हे गाव कुठे आहे, म्हणून आतून विचारून आलो. वडील म्हणाले, विलायतेत आहे. मेस्त्रींनी त्या तीन पानांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे देव थयसर पण आसा तर."

दिवाळीला आठ दिवस असताना मुंबईच्या काकांनी बोटीने पाठवलेली एक लाकडी पेटी वेंगुर्ल्याला उतरून बैलगाडीने घरी आली. आत कपडे होते. आणि टिकल्या फोडायचे एक पिस्तूल होते, ही बातमी पत्रातून आधीच पोचली होती. पेटी वडील शाळेतून आल्यावर उघडायची होती. दुपारची वेळ. मेस्त्री जेवायला गेले होते. पेटीचे झाकण खिळ्यांनी ठोकलेले. हत्यारे समोरच पडलेली. मी त्यातले सर्वांत पातळ आणि सर्वांत धारेचे निवडले, ते फडक्यातले. फटीत घालून दाबले. खिळा लागला. 'किट्ट' असा अगदी लहान आवाज झाला, आणि धारेच्या कोपऱ्यातून तांदळाच्या दाण्याएवढी कपची उडाली.

तांदळाच्या दाण्याएवढी म्हणजे कितीशी, असे कोणाला वाटेल. मलाही तेव्हा तसेच वाटले. पण पटाशीची धार एका रेषेत असावी लागते. कोपरा गेला की सबंध पाते त्या कोपऱ्यापर्यंत झिजवून मागे आणावे लागते. जुन्या पटाश्यांत पुष्कळदा उत्तम पोलाद धारेच्या बाजूलाच जोडलेले असे. बाकीचे अंग साधे लोखंड. ते पोलाद संपले की पटाशी संपली. सुतार धार लावताना दर वेळी केसभर पोलाद खर्च करतो. माझ्या दणक्याने एका दुपारी कित्येक महिन्यांचा खर्च झाला होता.

मी ती पुसून फडक्यात होती तशी गुंडाळून ठेवली. मेस्त्री आले, फडके सोडले, आणि उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आम्हा दोघा मुलांकडे पाहिले. त्यांच्या मुलाकडे आणि माझ्याकडे, सारखेच. एवढेच म्हणाले, "बेलाच्या पानाक कीड लागली." सबंध दुपार ते निसण्यावर पाणी शिंपडून ती घासत बसले. संध्याकाळी वडिलांना म्हणाले, "आजचो रोज धरू नकात, मास्तरांनू. हत्यार पाजळूक दीस गेलो."

मी खांबाआड उभा होतो. एक वाक्य बोलायचे होते, ते बोललो नाही. पिस्तुलाचा आवाज त्या दिवाळीत मला फारसा आवडला नाही, इतके सांगितले म्हणजे पुरे.

देव्हारा झाला. त्याच्या कळसाखाली कमळ आहे, त्याच्या पाकळ्या त्याच पटाशीच्या. पुढे मी शिकायला मुंबईला आलो. गावी जाणे होई, मेस्त्री भेटत, 'कधी इलंस?' म्हणून विचारीत. ते वाक्य प्रत्येक वेळी जिभेवर येई आणि प्रत्येक वेळी कोणी तरी चहा घेऊन येई. १९८८ साली मेस्त्री गेले.

मुलगा इंग्लंडात लीड्सला नोकरीला आहे. तिथून शेफील्ड आगगाडीने तासाभराच्या आत. हे मला नकाशात दिसले आणि मला चैन पडेना. "लोक लंडनला जाऊन राजवाडा बघतात," सौ. म्हणाल्या. त्याही आल्या, कारण मला एकट्याला सोडण्यावर त्यांचा विश्वास नाही. आणि झालेही तसेच, ते पुढे येईलच.

शेफील्ड हे पाच नद्यांचे गाव. शीफ ही त्यातली एक, तिच्यावरूनच नाव पडले; पण ती बापडी गावाने झाकून टाकली आहे आणि रेल्वे स्टेशनाखालून अंधारात वाहते. स्टेशनाबाहेर पडल्याबरोबर चकचकीत पोलादाची लांबलचक भिंत लागते, तिच्यावरून पाणी ओघळत असते. गावाच्या तोंडालाच गावाचा धंदा मांडून ठेवला आहे. टेकड्यांवरून उतरणाऱ्या या नद्यांवर पाणचक्क्या बसवाव्यात, त्यांच्यावर सहाणेचे दगड फिरवावेत आणि त्यावर धारा लावाव्यात, हा या गावाचा शेकडो वर्षांचा उद्योग. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका गोष्टीतल्या गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डची सुरी खोवून दिली आहे. १६२४ मध्ये इथल्या चाकूसुऱ्या करणाऱ्यांची पंचायतच पार्लमेंटाच्या कायद्याने स्थापन झाली. म्हणजे आमच्या शिवरायांच्या जन्मापूर्वी सहा वर्षे.

पण पटाशीवर मी जे अक्षर लावून वाचले होते त्यातले दुसरे दोन शब्द होते 'कास्ट स्टील', ओतीव पोलाद. त्यांचा अर्थ मला इथे कळला. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी. घड्याळाच्या कमानी नीट होईनात, पोलाद एकसारखे मिळेना, म्हणून त्याने १७४० च्या सुमारास स्वतःच उपद्व्याप सुरू केला. मातीच्या मुशीत पोलाद घालून ते पाण्यासारखे वितळेपर्यंत तापवायचे आणि साच्यात ओतायचे. पोलाद असे उतरले की गावातल्या कारागिरांनी ते घ्यायचेच नाकारले. फार कठीण म्हणून. त्याने ते फ्रान्सला विकले. फ्रेंचांच्या सुऱ्या बाजारात आल्यावर गावाला जाग आली. पिकते तिथे विकत नाही, हे शेफील्डलाही लागू आहे.

गावाबाहेर ॲबीडेल नावाचे जुने विळे-कोयत्यांचे कारखाने आहेत. १९३३ पर्यंत ते चालू होते, आता संग्रहालय म्हणून जपले आहेत. तिथे ती भट्टी जशीच्या तशी उभी आहे. मुशीची माती कारागीर अनवाणी पायांनी तासन् तास तुडवीत. तुडवताना तळव्याला खडा लागला तर काढून टाकायचा. राहिला तर मूस भट्टीत फुटायची. बूट घातलेल्या पायाला खडा कळत नाही. वितळलेल्या पोलादाची मूस वर ओढणारा माणूस पायांना गोणपाटे गुंडाळी आणि ती पाण्याने भिजवी, नाही तर पेट घेत. धार लावणारे लोक तर फिरत्या सहाणेसमोर लाकडी खोगिरावर बसत आणि दगडाची धूळ गिळत. जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासणारे फार तरुणपणी छातीच्या रोगाने मरत. चाळिशी पाहणारा विरळा. हे वाचून सौ. म्हणाल्या, "म्हणजे राणीच्या पंगतीतले काटे हे असे झाले होते होय?" मी काही बोललो नाही. मेस्त्रींच्या वडिलांनी ही पटाशी कितीला घेतली असेल, याचा विचार करीत होतो. आणि घडवणाऱ्याच्या पदरात त्यातले किती पडले असेल, याचा.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, नाही तर राहील. मुशीतले पोलाद आपल्याकडे फार जुने. दख्खनच्या, विशेषतः आजच्या तेलंगणातल्या भट्ट्यांतले पोलाद जगभर जात असे. त्याला इंग्रज 'वूट्झ' म्हणत, मूळ कानडी 'उक्कू'. १७९४ मध्ये मुंबईच्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टराने त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्सकडे धाडले आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला गेला. नंतर लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे त्या पोलादाच्या मागे लागला, आणि त्याच्या प्रयोगातल्या मिश्रधातू मोठ्या प्रमाणावर शेफील्डच्याच भट्टीत ओतल्या गेल्या. हे वाचून माझी छाती थोडी फुगली होती. पण हंट्समनने आपली युक्ती या सगळ्याच्या अर्धशतक आधी, आपल्या डोक्याने काढली होती. तेव्हा ती मी पुन्हा खाली सोडली. आपल्याकडच्या भट्ट्या विझल्या आणि आपल्या सुताराला पटाशी विलायतेहून घ्यावी लागली, हे मात्र खरे.

डॉन नदीच्या काठी, पाणचक्कीसाठी कधी काळी खणलेल्या कालव्याने तयार झालेल्या बेटावर, केलहम आयलंडचे संग्रहालय आहे. त्यात केन हॉली नावाच्या गृहस्थांचा हत्यारांचा संग्रह आहे. हे हत्यारांचे दुकानदार. धंदा करता करता कारखाने बंद पडताना पाहिले, आणि फेकून दिली जाणारी हत्यारे, अर्धवट घडलेले नग, मालाच्या याद्या, सगळे गोळा करीत सुटले. २०१४ मध्ये ते वारले. माणसे सोन्याचांदीचा संग्रह करतात. या माणसाने करवती जमवल्या, याबद्दल माझे त्यांच्याविषयी फार चांगले मत आहे.

तिथे राखण करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. मी त्यांना विचारले की ही हत्यारे मोठ्या कारखान्यांत होत की घरोघर? ते म्हणाले, "पुष्कळशी लिट्ल मेस्टरांकडे." मला वाटले, मी चुकीचे ऐकले. पुन्हा विचारले. मेस्टर. एक खोली भाड्याने घेऊन, एकटा किंवा एखाददुसरा हाताशी घेऊन, एकच कसब आयुष्यभर करणारा कारागीर. त्याला शेफील्डच्या बोलीत मेस्टर म्हणतात. 'मास्टर'चेच रूप.

मी त्या बाकावर बसलो. आमच्याकडचा मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, हे मला माहीत होते. गोवा आम्हाला जवळ. आणि पोर्तुगीज 'मेस्त्र' काय किंवा इंग्रजी 'मास्टर' काय, दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. म्हणजे आमच्या पडवीत खुर्चीवर बसणारे मास्तर आणि गोणपाटावर बसणारे मेस्त्री, हे एकच शब्द होते. एक इंग्रजांच्या गलबतातून उतरला, एक पोर्तुगिजांच्या. एकाला खुर्ची मिळाली, एवढेच.

आणि मग काचेच्या कपाटात मला बेलाचे पान दिसले.

पटाश्यांची ओळ होती. त्यातल्या एकीवर ती तीन पाने. विल्यम मार्पल्स यांचा कारखाना, नाव हायबर्निया वर्क्स. हायबर्निया हे आयर्लंडचे जुने लॅटिन नाव, आणि चिन्ह शॅमरॉकचे. आयर्लंडमधली तीन पानांची एक बारीकशी रानवेल, तिथल्या लोकांची राष्ट्रीय खूण. बेलाशी तिचा काही संबंध नाही. मला जरा वाईट वाटले. मेस्त्रींनी जन्मभर कपाळाला लावले ते एका कारखान्याचे छापाचे चिन्ह! त्या गृहस्थांना मी बेलाची हकीकत सांगितली. आमच्याकडे तीन पानांचे एक दल शंकराला वाहतात, म्हणून सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "आयर्लंडातही असे सांगतात की सेंट पॅट्रिकने शॅमरॉकचे पान हातात धरून लोकांना देव एक आणि रूपे तीन हे समजावून दिले." तेव्हा मेस्त्री अगदीच चुकले नव्हते.

असली पटाशी आता दुकानात मिळत नाही. तो कारखाना विकला गेला, नाव या हातातून त्या हातात फिरले. नव्या पटाश्या मिळतात, उत्तम मिळतात. पण मला हवी होती ती जुनी, त्या पानांची. यासाठी इंग्लंडात एक सुरेख सोय आहे. रविवारी सकाळी एखाद्या माळावर लोक आपापल्या मोटारी आणून उभ्या करतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ विकायला मांडतात. डिकीला तिकडे बूट म्हणतात, म्हणून या बाजाराचे नाव कार बूट. पहिल्यांदा मुलाने हे नाव सांगितले तेव्हा आम्ही चपलांचे माप घेऊन निघालो होतो.

तीन रविवार मी हिंडलो. कपबशा, बाहुल्या, गवत कापायची यंत्रे, कोणाचे तरी लग्नाचे फोटो फ्रेमसकट. हत्यारेही पुष्कळ, कारण त्या देशात ज्यांच्या घरी आजोबा सुतार होते आणि नातवाला खिळा ठोकता येत नाही, अशी घरे फार आहेत. एका बीचच्या लाकडाच्या रंध्याने मला फार मोह घातला. तिकडचा सुतार आपल्या रंध्याच्या कपाळावर आपले नाव ठोकून ठेवी, चोरी होऊ नये म्हणून. तो मेला की दुसरा घेई आणि त्याच्या खाली आपले नाव ठोकी. या रंध्यावर तीन नावे होती, तिसरे नीट उमटलेले, पहिले हाताच्या घामाने जवळजवळ पुसलेले. मी तो उचलला आणि वजनाकडे पाहून सौ.नी तो माझ्या हातातून काढून परत ठेवला. अजून मला त्याची आठवण येते.

तिसऱ्या रविवारी, परत निघण्याच्या वेळी, एका म्हाताऱ्या बाईच्या डिकीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात पटाश्या. नऊ गंजलेल्या. मी एकेक बाहेर काढून चष्म्याजवळ धरू लागलो. आठवीवर बोटाला काही तरी लागले. थुंकी लावून अंगठ्याने घासले. एक पान, दोन पाने, तीन.

"हे कशाला हवंय तुम्हाला?" बाईंनी विचारले. त्यांच्या सासऱ्यांची हत्यारे ती. "मधे एक जण आला होता. हॉटेलात भिंतीवर टांगायला नेतो म्हणाला. मी दिली नाहीत."

मी म्हणालो, "भारतात एका सुताराला द्यायची आहे. त्याची मी एक मोडली होती."

"केव्हा?"

"१९६१ मध्ये."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. प्रत्येकीला चार पौंड सांगत होत्या, आता म्हणाल्या, "चार घ्या, दहा पौंड द्या." इथे सौ. पुढे झाल्या. त्यांना इंग्रजी बेताचे येते, पण घासाघीस येते. त्यांनी बोटाने गंज दाखवला, मान हलवली, आणि आठ पौंडांत सौदा करून दिला. म्हणजे आपले आठशे रुपये. वर त्या बाईंनी सौ.ना एक कपबशी फुकट दिली. एवढा गंज घ्यायला सात समुद्र ओलांडून आलात, असे त्या वाटभर म्हणत होत्या. पण कपबशी त्यांनी हातातल्या पिशवीत, अगदी छातीशी धरून आणली.

मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणांच्या यंत्रापुढे आमची बॅग थांबवली. मोजे सोडले. साहेब मराठीच होते. "काका, पटाश्या? इंग्लंडहून?" मी हो म्हणालो. त्यांनी एक उचलून धार पाहिली आणि म्हणाले, "आमचे वडील सुतार होते." मग आणखी काही न बोलता त्यांनी ती पुन्हा मोज्यात घातली, आणि माझ्यापेक्षा चांगली गुंडाळली.

दिवाळीला गावी गेलो. मेस्त्रींच्या घराच्या अंगणात पत्र्याचा मांडव घातला आहे. नातू तिथे विजेच्या यंत्रांवर प्लायवूडची कपाटे करतो. आवाज वाडीभर जातो. त्याचा बाप, म्हणजे माझा वर्गातला सोबती, पडवीत बसला होता. केस सगळे पांढरे. खांदे मात्र अजून बापासारखे. मला पाहून उठू लागला. "बसा, भाऊनू. खुर्ची हाड रे!" नातवाला सांगितले. खुर्ची आली. मी तिच्यावर पिशवी ठेवली आणि मोज्याचे गाठोडे त्याच्या हातात दिले.

त्याने पटाशी बाहेर काढली. उलटीसुलटी केली. पानांवर बोट थांबले. काही बोलला नाही. आत गेला आणि एक जुनी लाकडी पेटी घेऊन आला. त्यातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. फडके दुसरे होते, पटाशी तीच. माझ्या आठवणीत ती वीतभर होती. आता चार बोटे उरली होती, पाने थेट धारेच्या जवळ आली होती. "अजून चलता," तो म्हणाला. "देवाच्या कामाक."

बासष्ट वर्षे तोंडात धरलेले वाक्य मी तेव्हा बोललो. ती मी मोडली होती. पिस्तुलासाठी.

"ठावक आसा," तो म्हणाला. "मी बघलेलंय."

"मग मेस्त्रींना सांगितलं का नाहीस?"

तो हसला. पटाशीची धार त्याने अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. "मास्तरांच्या झिलाचा नाव कसा सांगतलंय? त्या रातीक बाबांनी माका बडवल्यानी. मीच मोडलंय म्हणान."

यंत्र बंद झाले होते. नातू चहा पीत आमच्याकडे पाहत होता. मेस्त्रींनी त्या दुपारी आम्हा दोघांकडे सारखेच पाहिले होते, असे मी इतकी वर्षे सांगत आलो. सारखेच पाहिले असेल. घरी मात्र त्यातला एकच गेला होता. मेस्त्रींनी मला क्षमा केली, अशी माझी समजूत होती आणि तिच्यावर मी निवांत होतो. त्यांनी माझ्यावर संशय घेतलाच नव्हता.

मला काय बोलावे कळेना. त्याला त्याचे काही नव्हते, असे दिसले. किंवा असेल, पण ते दाखवायची त्याची रीत नव्हती. त्याने नव्या पटाशीची मूठ न्याहाळली. "ह्यो दांडो लांब. उभ्यान काम करतत ते?" मी हो म्हणालो. तिकडे टेबलाशी उभे राहून काम करतात. "कापूक होयो," तो म्हणाला. "शिसवीचो घालतंय." मग एकदम विचारले, "कितीक पडली?"

परदेशातून आणलेल्या वस्तूची किंमत खरी सांगू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे; पण तो महाग वस्तूंपुरता. "दोनशे रुपये," मी खरे ते सांगितले.

"फसवल्यानी," तो म्हणाला. "गंज बघ किती तो."

आणि निसणा पुढे ओढून, उकिडवा बसून, त्याने पटाशी त्यावर टेकवली. पहिल्या दोन हातांत तांबूस चिखल वर आला. त्याच्या शेजारी पाण्याचे मडके होते. त्याने मान वर न करता डाव्या हाताने मला जवळ ये म्हणून खूण केली.

"बस हय. पाणी घाल रे. थोडा थोडा घाल."

मी खाली बसलो आणि पाणी घालू लागलो.